उत्तमनं बर्गर कुस्करला नव्हता

गंगाखेडहून आप्पाचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालत होतो. "अंबादास, उत्तम गेला रे..." एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला. बातमी अनपेक्षित नव्हती. आदल्याच आठवड्यात मी उत्तमला दवाखान्यात बघून आलो होतो आणि त्याच्या छातीचा भाता कसा चालतोय हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मनाची तयारी आणि प्रत्यक्ष बातमी यांच्यात अंतर असतं. पाण्याचा पाईप तसाच चालू राहिला आणि अंगणभर चिखल झाला, तो बायकोनं ओरडल्यावर मला दिसला.

पुढच्या रविवारी त्याच्या शाळेत शोकसभा झाली. उत्तम वाघमारेनं परभणीत आयुष्यभर गणित शिकवलं, तेव्हा सभागृहात जुने विद्यार्थी पुष्कळ होते. कुणी त्याच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी त्यानं घरी बोलावून फुकट घेतलेल्या शिकवण्यांबद्दल. मग एक तरुण शिक्षक उठला. "सर जितके हुशार, तितकेच भोळे," असं म्हणून त्यानं बर्गरची गोष्ट सांगितली. परभणीत पहिल्यांदा बर्गर मिळायला लागला तेव्हा सर मित्रांबरोबर तो खायला गेले, कसा खायचा ते कळेना, म्हणून त्यांनी तो ताटलीत भाकरीसारखा कुस्करला आणि वेटरला वरून वरण मागितलं. सगळे हसले तेव्हा लाजून हॉटेलाबाहेर जाऊन उभे राहिले. शोकसभेतली माणसं जशी हसू मिळाल्यावर मोकळी होतात, तसं सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. सवयीनं. पुढच्या रांगेत त्याची मुलगी सुजाता बसली होती, तिची फक्त पाठ मला दिसत होती.

ही गोष्ट परभणीत आणि आसपास अनेकांनी ऐकलेली आहे. ती मी रचलेली आहे, आणि ती खोटी आहे. उत्तम होता तोवर ती त्याच्या हुशारीच्या, कामाच्या, स्वभावाच्या दहा गोष्टींपैकी एक होती. आता तो नाही, आणि मागं उरायला लागलीय ती हीच. म्हणून मूळ प्रसंग जसा घडला तसा लिहून ठेवतो.

उत्तम पेडगावचा, मी ताडकळसचा, आणि आप्पा, म्हणजे महालिंग, गंगाखेडच्या कापड दुकानदाराचा मुलगा. परभणीत कॉलेजला असताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. माझा डबा गावाहून एसटीनं यायचा, आप्पाचा कधी रेल्वेनं, आणि उत्तम शनिवारी गावी जाऊन आठवडाभराच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचा. सगळं एकत्र करून एकाच परातीत खायचं, हा खोलीचा नियम. आप्पाच्या घरचे लोक कट्टर शाकाहारी, गळ्यात लिंग, कुणाच्या हातचं खाताना दहा प्रश्न विचारणारे. पण खोलीत आल्यावर तो म्हणायचा, "हितं देव झोपलेला असतो, वाढा." आणि पहिला हात त्याचाच परातीत पडायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव जे घडलं ते इथं नव्यानं सांगायला नको. उत्तम बरेच दिवस कॉलेजात आला नाही. त्याच्या मामाचं घर जळालं, असं आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. तो परत आला तेव्हा त्यानं पिशवीतून भाकरी काढल्या, परात मांडली आणि म्हणाला, "काय बघायलात? बसा की." आम्ही बसलो. त्यानं काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. न विचारणं हेच मित्राचं काम, असं मला तेव्हा वाटायचं. पुढं माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ त्या समजुतीत होतं, असं आता वाटतं. त्याचं आडनाव हा विषयच निघू न देणं म्हणजे त्याला सांभाळणं, असा माझा हिशेब होता.

शिक्षणं झाली. उत्तम शिक्षक झाला, मी पाटबंधारे खात्यात लागलो, आप्पा वडलांच्या दुकानात बसला. महिन्यातून एखाद्या रविवारी आप्पा माल घ्यायला परभणीला यायचा आणि आम्ही तिघं कुठंतरी खायचो. अशाच एका रविवारी त्यानं बातमी आणली की स्टेशनकडच्या रस्त्यावर काचेच्या दाराचं नवीन हॉटेल निघालंय आणि तिथं बर्गर मिळतो. मालकाचा पुतण्या पुण्याच्या मोठ्या हॉटेलात काम करून आलेला, त्यानं शिकवलेला पदार्थ. बर्गर हा शब्द आम्ही मासिकात वाचलेला होता, तोंडात कधी घातला नव्हता. आमच्याकडं पाव म्हणजे ताप आलेल्या माणसाचं खाणं, चहात बुडवून द्यायचं. धडधाकट माणसांनी हॉटेलात बसून पाव मागायचा, हीच मोठी गंमत होती.

आत थंडगार होतं. टेबलावर काच, काचेखाली छापील यादी, आणि तिच्यावर बर्गरचे चार प्रकार: साधा, चीजचा, पनीरचा आणि स्पेशल. आप्पानं यादी दोनदा वाचली.

"याच्यात मटन तर न्हाई ना रे?"

"व्हेज लिहिलंय," मी म्हणालो.

"लिहायला काय जातंय? लिहिणारा पुन्याहून आलाय."

उत्तम म्हणाला, "आप्पा, तू डोळे मिटून खा. पाप लागलं तर निम्मं माझ्या नावावर लाव."

"तुझ्या नावावर? तुझं खातं अगुदरच फुल हाय, बाबा."

चारही प्रकार एकेक मागवायचे आणि सुरीनं तीन तीन भाग करून सगळ्यांनी सगळं चाखायचं, असं ठरलं. परातीचाच नियम, फक्त परात काचेची. बर्गर आले. वरचा पाव तुपकट, लालसर भाजलेला, त्यावर तीळ. आत बटाटा-वाटाण्याची जाड टिकिया, कांदा, टोमॅटो, काकडी. स्पेशलमध्ये तर टिकियाच दोन, आणि सगळं धरून ठेवायला वरून एक काडी खुपसलेली. आप्पा त्या काडीकडं बघून म्हणाला, "हे तर कळस बसविल्यावानी केलंय."

मग खाणं सुरू झालं. माझ्या वाट्याचा तुकडा मी उचलला तसा टोमॅटो एकीकडं गेला, टिकिया दुसरीकडं, आणि सॉस मनगटावरून कोपराकडं निघाला. दोनदा तसं झाल्यावर मी सरळ पाव वेगळा केला, टिकिया फोडली, ताटलीत सगळं एकत्र कुस्करलं आणि बोटांनी खायला लागलो. वेटर जवळून गेला तेव्हा मीच त्याला विचारलं, "याच्यावर घालायला पातळ काई हाय का?" वरण हा शब्द मी वापरला नव्हता, तो पुढं गोष्टीत मीच घातला. उत्तम मात्र शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाकडं बघत होता. ते लोक दोन्ही हातांनी धरून, कागदात खालून आधार देऊन खात होते. त्यानं तसाच कागद घेतला, तसाच धरला आणि एक थेंबही न सांडता खाल्ला. चीज त्याला आवडलं नाही. "साबन लागायलाय," म्हणाला. पनीरचा त्याला फिका वाटला. साधा बर्गर सगळ्यात चांगला, असं त्याचं मत पडलं, आणि कारणही गणिताच्या मास्तरासारखं दिलं: "याच्यात जे हाय ते कळतंय तरी."

तेवढ्यात मालक टेबलाशी आला. नवीन हॉटेल, नवीन पदार्थ, तेव्हा तो प्रत्येक टेबलावर जाऊन चौकशी करत होता. साठीचा, पांढरा नेहरू शर्ट, बोलायला मोकळा. आमच्याकडं अशी चौकशी एकाच प्रश्नानं सुरू होते.

"कुठले पाव्हणे?"

"ताडकळस. कदम," मी म्हणालो. त्याला आनंद झाला. ताडकळसच्या बाजारात पूर्वी त्याचं दुकान लागायचं, माझ्या वडलांना तो ओळखत होता. मग त्यानं आप्पाकडं बघितलं, आप्पानं गंगाखेड आणि कापडाचं दुकान सांगितलं, त्यातही ओळख निघाली. मग त्यानं उत्तमकडं हात केला. "आन् हे पाव्हणे?"

त्याच आठवड्यात शहरात नामांतरासाठी मोर्चा निघाला होता, आणि त्याच्या विरोधातलाही निघाला होता. बाजारात माणसं आधी आडनाव ऐकत आणि मग बोलत. आमच्या समोर एकमेकांचे उष्टे तुकडे पडलेले, शेजारचं कुटुंब कान देऊन ऐकणारं. उत्तमनं तोंडातला घास गिळून बोलायला मान वर केली होती. त्याच्या आधी मी बोललो.

"हे बी कदमच. आमच्या भावकीतले."

मालक म्हणाला, "वा वा, म्हणजे घरचेच." उत्तमनं हातातला तुकडा खाली ठेवला. कागदाला बोटं पुसली. आवाज अजिबात न चढवता, वर्गात मुलाची बेरीज दुरुस्त करावी तसा म्हणाला, "मालक, मी कदम न्हाई. वाघमारे. उत्तम वाघमारे, पेडगावचा."

मी ताटलीकडं बघत होतो. मालक आता काय म्हणेल, शेजारचे उठतील का, हॉटेलभर बोलणं थांबेल का... मालक क्षणभर थांबला खरा. मग म्हणाला, "बरं, वाघमारे. सॉस पाठवू का अजून?"

उत्तम म्हणाला, "पाठवा."

एवढंच घडलं. शेजारचं कुटुंब खात राहिलं. सॉस आला. उत्तमनं ठेवलेला तुकडा उचलला, सॉस लावून सावकाश संपवला, हात धुतले आणि "मी बाहेर हाय" म्हणून गेला. त्या हॉटेलात त्याला त्याच्या नावानं खायला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती एकट्या माझी, आणि मी त्याच्या परातीतला माणूस होतो.

बाहेर येऊन मी समजूत घालायला लागलो. "उत्तम, अरे मी तुझ्यासाठीच..."

"मी म्हनलो होतो का तुला?"

आप्पा मध्ये पडला. "जाऊ द्या रे. खाल्लेलं पचू द्या."

उत्तम आप्पाकडं वळला. "आप्पा, गंमत बघ. नामांतरासाठी माणसं मेली, घरं जळाली, तरी विद्यापीठाचं नाव अजून बदलंना. आन् या बहाद्दरानं माझं बर्गर खाता खाता बदलून टाकलं!" आणि तो हसला. तो हसला म्हणून आम्ही हसलो, आणि मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "कदम, काल तुमचे दोस्त हॉटेलाबाहेर उभे होते. आत घेतलं न्हाई का त्यांना?" खरं सांगायचं तर उत्तर सोपं होतं. पण ते देताना मी काय बोललो होतो तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "छे हो. त्यानं काय केलं माहीत हाय का..." आणि माझा कुस्करलेला बर्गर मी त्याच्या ताटलीत टाकला. वरण घातलं, लाजणं घातलं. ऑफिस खो खो हसलं. आडनाव, भावकी, मालक, सगळं त्या हसण्याखाली दडपून गेलं. गोष्ट चांगली जमली होती, म्हणून पुन्हा कुणीतरी सांगायला लावली. मग लग्नात, मग बदलीच्या निरोपाला. काही वर्षांनी ती उत्तमच्या शाळेत पोचली आणि तिथं ती त्याच्या भोळेपणाची साक्ष झाली. आप्पानं मला दोनदा बाजूला घेऊन सांगितलं, "अंबादास, लय झालं आता." मी म्हणायचो, "त्याला काई वाटत न्हाई रे, तो बी हसतो." आणि हे खरं होतं. त्याच्यादेखत सांगितली तेव्हा उत्तम हसायचा. फक्त हसता हसता माझ्याकडं बघायचा.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. संध्याकाळी उत्तम तिळगूळ घेऊन घरी आला, नवीन शर्ट घातलेला. मी त्याला मिठी मारली. त्या दिवसाचा आनंद माझ्या मनात खोटा नव्हता, एवढं माझ्या बाजूनं लिहितो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "चला, विद्यापीठाचं झालं. आता माझं तेवढं दुरुस्त कर."

"तुझं काय?"

"बर्गरच्या गोष्टीतून मला काढ. नाव कुनाचं बी घाल. तुझं घातलंस तर सगळ्यात बरं."

तो हसतच म्हणाला होता, म्हणून मी हसण्यावारी नेलं. "अरे, तुझ्याशिवाय गोष्टीला मजा न्हाई!" त्यानं हा विषय पुन्हा आयुष्यात काढला नाही. मी ती गोष्ट त्यानंतरही सांगत राहिलो.

आमची मैत्री तुटली नाही. रविवारी सकाळी फोन, सणावाराला येणंजाणं, माझ्या बायपासच्या वेळी दवाखान्यात रात्रंदिवस तोच. पण एक गोष्ट बदलली, जी कळायला मला फार उशीर लागला. कुठंही गेलो, लग्नात, सरकारी कचेरीत, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी, मी तोंड उघडायच्या आत उत्तम हात पुढं करून म्हणायचा, "उत्तम वाघमारे, पेडगाव." लोकांना वाटायचं, गुरुजींची पद्धत आहे. विद्यार्थी त्याची नक्कलही करायचे. हॉटेलातल्या त्या रविवारनंतर त्यानं मला त्याची ओळख करून देऊ दिली नाही, एकदाही नाही.

दवाखान्यात मी शेवटचा गेलो तेव्हा सुजाता औषधं आणायला खाली गेली होती. सिस्टर कागद घेऊन आली. उत्तमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायची मनाई. तिनं मला विचारलं, "पेशंटचं नाव सांगा, काका." मी सांगणार, तेवढ्यात उत्तमचा हात हलला. त्यानं स्वतः मास्क बाजूला केला. "वाघमारे," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "उत्तम." सिस्टर त्याच्यावर रागावली, मास्क पुन्हा बसवला. "हे सांगनार होते ना, तुमी कामून बोललात?" असं ती म्हणाली. उत्तम वर छताकडं बघत होता. मी त्याचा हात धरून बसलो. हात त्यानं काढून घेतला नाही.

शोकसभेनंतर काही आठवडे गेले. एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर बोटानं सवयीनं त्याचा नंबर लावला आणि घंटा वाजायला लागल्यावर मी भानावर आलो. ठेवणार, तोच पलीकडून आवाज आला, "वाघमारे बोलतेय." सुजाता होती. लग्नानंतरही तिनं आडनाव बदललेलं नाही. वडलांचा फोन ती अजून चालू ठेवते, जुने विद्यार्थी करतात म्हणून. मग मी थांबलो नाही. हॉटेल, भावकी, मालकाचा सॉस, ऑफिसातलं हसणं, संक्रांतीला त्यानं केलेली मागणी, सगळं सांगितलं. माझं संपल्यावर मी म्हणालो, "सुजाता, मला माफ कर म्हणण्याचा मला..."

"काका," ती म्हणाली, "आमच्या घरात ती गोष्ट कधी कुणी सांगितली नाही. मला कशाला दुरुस्त करून सांगताय? ज्यांना सांगितलीत त्यांना सांगा."

"ते किती लोक आहेत, मला आता..."

"पेपरात लिहा. सगळे वाचतात." तिचा आवाज चढलेला नव्हता. वडलांसारखाच, सपाट. मग म्हणाली, "आणि नाव पूर्ण लिहा. आहे ना कागद जवळ? घ्या लिहून."

तिचे वडील मला कॉलेजपासून माहीत होते. मी टेबलावरचा कागद ओढला. ती सावकाश, एकेक शब्द थांबून सांगत गेली, एखाद्या अनोळखी कारकुनाला सांगावं तशी... उत्तम. मारोती. वाघमारे. पेडगाव. प्रत्येक शब्दानंतर विचारत होती, "लिहिलं?" आणि मी म्हणत होतो, "लिहिलं."